थर आणि वस्तु : उत्खननांतील प्रक्षेपांचा विचार

(१)

जुन्या वस्तूंविषयीं लिहिणाऱ्यांच्या लेखांत एक अनुमान वारंवार आढळतें. पाया किंवा विहीर खणतांना, अथवा शास्त्रीय रीतीनें केलेल्या उत्खननांत, अमुक वस्तु अमुक फूट खोलीवर मिळाली. त्या खोलीवरील थर अमुक शतकाचा. सबब ती वस्तुहि त्याच शतकाची. हें अनुमान इतकें सरळ दिसतें कीं, वाचकच काय पण लिहिणाराहि त्यापाशीं क्षणभर थांबत नाहीं. नाण्याचा, खापराचा, मण्याचा व क्वचित् लिपीचाहि काळ ह्या एकाच आधारावर ठरविला जातो, आणि पुढचे लेखक तो सिद्ध समजून त्यावर नवी इमारत उभारतात. प्रस्तुत लेखांत ह्या अनुमानाचेंच परीक्षण करण्याचें योजिलें आहे.

थरांचा क्रम खोटा आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. खालचा थर आधींचा व वरचा नंतरचा, हा नियम निकोलस स्टेनो ह्या डॅनिश पंडितानें १६६९ सालीं मांडला, आणि भूगर्भशास्त्राप्रमाणेंच पुराणवस्तुशास्त्राचाहि तो पाया आहे. परंतु हा नियम थरांविषयीं आहे. थरांत आज सांपडणाऱ्या प्रत्येक वस्तूविषयीं तो कांहींच सांगत नाहीं. थर हा आधार, वस्तु ही आधेय. आधाराचा काळ एक व आधेयाचा दुसरा, असें होऊं शकतें. किंबहुना पुष्कळदां तसें झालेलें आहे.

न्यायशास्त्राचा परिचय असलेल्या वाचकांस ह्या अनुमानांतील दोष एका जुन्या दृष्टांतानें लगेच ध्यानीं येईल. धूमावरून अग्नीचें अनुमान निर्दोष असतें. उलट अग्नीवरून धूमाचें अनुमान करूं गेल्यास तें फसतें. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, धूम नाहीं. अग्नीपासून धूम निघावयास ओल्या सर्पणाचा संयोग लागतो, आणि ह्या संयोगासच तेथें उपाधि म्हणतात. त्याचप्रमाणें, 'जी वस्तु ज्या थरांत मिळाली ती त्या थराच्या काळची' ह्या व्याप्तीस 'थर अक्षुब्ध असल्यास' ही उपाधि लागलेली आहे. उपाधि सिद्ध केल्यावांचून साध्य सिद्ध झालें असें मानणें हा हेत्वाभास होय. थर अक्षुब्ध होता, हें गृहीत धरावयाचें नसून दाखवावयाचें असतें.

(२)

थर क्षुब्ध कोण करतें? पहिला कर्ता अगदीं क्षुद्र आहे. चार्लस् डार्विन ह्यानें १८३७ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेपुढें गांडुळांच्या कार्यावर एक निबंध वाचला, आणि चव्वेचाळीस वर्षांनीं, म्हणजे १८८१ त, त्याच विषयावर आपला अखेरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील एक प्रयोग आमच्या विषयास फार उपयुक्त आहे. आपल्या घराजवळील एका शेतांत १८४२ च्या डिसेंबरांत त्यानें खडूचे तुकडे पसरविले होते. १८७१ च्या नोव्हेंबरांत, म्हणजे एकोणतीस वर्षांनीं, तेथें चर खणला तेव्हां ते तुकडे पृष्ठभागाच्या खालीं सुमारें ७ इंचांवर मिळाले. त्यांवर कोणी माती टाकली नव्हती. गांडुळें खालची बारीक माती खाऊन ती वर आणून टाकतात. जें त्यांना गिळतां येत नाहीं तें सावकाश खालीं जातें.

ह्या ग्रंथांत जुन्या इमारती जमिनीखालीं कशा गेल्या ह्यावर एक संबंध प्रकरण आहे. सरे परगण्यांतील ॲबिंजर येथें उघडकीस आलेल्या रोमन घराच्या फरशीमधून गांडुळें कशीं वर येत, ह्याचें त्यांत बारकाईनें वर्णन केलें आहे. प्राचीन वस्तु मातीखालीं झांकून जपून ठेवल्याबद्दल पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनीं गांडुळांचे उपकार मानावे, असा डार्विनचा अभिप्राय आहे. तो खराहि आहे. परंतु त्यांतील अर्धी गोष्टच अभ्यासकांनीं उचलली असें वाटतें. ज्या गांडुळांनीं वस्तु जपली, त्यांनींच ती मूळ जागेवरून हलविली. आणि विशेष हें कीं, ते खडूचे तुकडे अस्ताव्यस्त विखुरले नव्हते. मातीच्या भिंतींत त्यांची एक सरळ पांढरी ओळ दिसत होती. एकोणतीस वर्षांपूर्वींची हकीकत ज्याला ठाऊक नाहीं, तो ती ओळ पाहून 'ही त्या काळची जमीन' असा निर्णय निःशंकपणें देईल. परंतु त्या खोलीवर जमीन अशी कधींच नव्हती. ओळ स्वच्छ दिसते म्हणून थर अक्षुब्ध, असें म्हणतां येत नाहीं, हा ह्या प्रयोगाचा खरा बोध आहे.

दुसरे कर्ते म्हणजे उंदीर, घुशी, वाळवी व झाडांचीं मुळें. मूळ कुजलें कीं त्याची पोकळी राहते, बीळ सोडून दिलें कीं तें वरच्या मातीनें भरतें, आणि त्या मातीबरोबर वरचें खापर खालीं उतरतें. तिसरा कर्ता मनुष्याचें पाऊल. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्समध्यें यूजीन स्टॉक्टन ह्यांनीं वाळूवर कांचेचे तुकडे पसरून त्यांवरून माणसांना चालविलें आणि त्याचे निष्कर्ष १९७३ त प्रसिद्ध केले. एका दिवसाच्या वावरानेंच कांहीं तुकडे अर्ध्या वितीहून खोल गेले. जेथें पिढ्यान् पिढ्या माणसें वावरलीं, तेथील मऊ जमिनींत काय झालें असेल ह्याची कल्पना ह्यावरून करावी.

(३)

हीं उदाहरणें परदेशचीं असलीं तरी आपल्याकडील मातीचा विचार केल्यास चिंता कमी न होतां वाढते. आपल्या जुन्या कागदपत्रांत गांवाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग सांगितलेले असतात; काळी ती शेतीची, पांढरी ती वस्तीची. पुराणवस्तूंच्या दृष्टीनें दोघींच्याहि खोड्या निरनिराळ्या आहेत.

काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आक्रसते. ती ज्या चिकण द्रव्याची बनलेली आहे, त्याचा हा धर्मच आहे. चैत्र-वैशाखांत तिला हात-दोन हात खोल भेगा पडतात, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. त्या भेगांत वरची भुकटी, खडे, खापऱ्या, मणी, नाणीं पडतात. पाऊस पडला कीं भेगा मिटतात, पडलेली वस्तु आंत राहते, आणि वर तिच्या मार्गाची कसलीहि खूण उरत नाहीं. शिवाय खालीं शिरलेल्या मातीस जागा करून देतांना आजूबाजूची माती वर उचलली जाते व तिच्याबरोबर खालचे दगड वर येतात. म्हणजे ही जमीन वर्षानुवर्षें आपणच आपल्याला नांगरीत असते. बीळ निदान रंगावरून ओळखतां येतें. मिटलेली भेग ओळखणें अनुभवी डोळ्यांसहि कठीण. म्हणून काळ्या मातींत अमुक फुटांवर एकच लहानशी वस्तु मिळाली, एवढ्यावरून तिचा काळ सांगणें हें साहस होय.

पांढरीची गोष्ट वेगळी. तेथें निसर्गापेक्षां माणसानेंच अधिक घोंटाळा केला आहे. धान्य सांठविण्यासाठीं घरोघर पेंवें खणीत. पेंव खणणारा वरच्या जमिनीवर उभा राहून आपल्या पूर्वजांच्या दोन-चार थरांतून खालीं जाई. उकरलेली माती जुन्या खापरांसह वर टाकी. आणि पुढें पेंव निकामी झाल्यावर तें घरच्या केरकचऱ्यानें बुजवी. अशा रीतीनें जुनें वर व नवें खालीं, ह्या दोन्ही क्रिया एकाच खड्ड्यानें होतात. खांब रोवण्याचे खड्डे, पायाचे चर, उकिरडे व पुरलेलें धन ह्यांनाहि हाच न्याय लागू. धनाचा हंडा पुरणारा मनुष्य त्यासाठीं जुन्या थरांत खड्डा करतो. हंडा नेहमीं आपल्यापेक्षां वृद्ध मातीच्या कुशींत असतो.

शिवाय जुन्या पांढरीची माती खणून नेऊन तिच्या भिंती व गढ्या बांधण्याची चाल आपल्याकडे आहे. अशा गढीच्या भिंतींत शेंकडों वर्षांपूर्वींचीं खापरें चिणलेलीं असतात. गढी कोसळली कीं तिचा ढिगारा सर्वांत वरचा थर होतो व त्यांत सर्वांत जुनीं खापरें निघतात. येथें थरांचा क्रम निर्दोष आहे. वस्तूंचा मात्र उलटा झालेला आहे.

(४)

हा केवळ तर्क नव्हे. ज्या प्रकरणांत थरावरून दिलेला निर्णय पुढें प्रत्यक्ष प्रमाणानें तपासला गेला, अशीं तीन येथें देतों.

इंग्लंडांत केंट परगण्यांतील गॅली हिल येथें १८८८ सालीं रेतीच्या फार प्राचीन थरांत सुमारें ८ फूट खोलीवर एक मानवी सांगाडा मिळाला. थर प्राचीन, म्हणून मनुष्यहि प्राचीन, असें अनुमान निघालें आणि त्यावर जवळजवळ अर्धशतक वाद चालला. जमिनींतील पाण्यांत असलेला फ्लोरीन हाडांत हळूहळू मुरतो; एकाच जागीं तितकाच काळ पडलेल्या हाडांत त्याचें प्रमाण सारखें असावयास पाहिजे. केनेथ ओकली ह्यांनीं ह्या तत्त्वावर परीक्षा केली. त्याच रेतींतील प्राचीन जनावरांच्या हाडांपेक्षां सांगाड्यांत फ्लोरीन फारच कमी निघाला. तो पुष्कळ नंतरच्या काळीं पुरलेला मनुष्य होता, हें १९४९ सालच्या निबंधानें स्पष्ट झालें.

दुसरें प्रकरण इजिप्तमधील अस्वानजवळच्या वादी कुब्बानिया येथील. तेथें सतरा-अठरा हजार वर्षांपूर्वींच्या चुलींच्या ठिकाणीं जवाचे दाणे मिळाले, असें फ्रेड वेनडॉर्फ आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७९ त प्रसिद्ध केलें. शेतीचा आरंभ हजारों वर्षें मागें जाणार असें दिसूं लागलें. पुढें कार्बन १४ ची अशी रीति निघाली कीं, तिला एक दाणासुद्धां पुरतो. तेव्हां चुलींतील कोळशाऐवजीं खुद्द दाणेच तपासले, आणि ते पांच हजार वर्षांच्या आंतले ठरले. हा निर्णय १९८४ त त्याच संशोधकांनीं स्वतः जाहीर केला, हें त्यांस भूषणावह आहे. चुली खऱ्या होत्या, त्यांचा काळहि खरा होता. फक्त दाणे त्या चुलींचे नव्हते.

तिसरें प्रकरण आफ्रिकेंतील किन्शासा शहराजवळील गोम्बे येथील. तेथें दगडी हत्यारांचे एकावर एक असे अनेक संप्रदाय मानले जात. डॅनियल काएन ह्यांनीं तेथें पुन्हा खणून एक साधी पण निर्णायक गोष्ट केली. एका दगडापासून निघालेले छिलके ते एकमेकांशीं जुळवून पाहूं लागले. वेगवेगळ्या काळांचे मानलेल्या थरांतील छिलके एकमेकांत तंतोतंत बसूं लागले! एक दगड दोन युगांत फुटूं शकत नाहीं. म्हणजे एका वेळीं पडलेले तुकडे वाळूंतून खालींवर झाले होते. काएन आणि मोएयेर्सन्स ह्यांनीं १९७७ त हा निष्कर्ष मांडला, तेव्हां मध्य आफ्रिकेच्या प्रागैतिहासिक कालखंडांची मांडणीच संशयास्पद झाली.

ह्या तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. खणणारे अडाणी किंवा निष्काळजी नव्हते. डोळ्यांना थर अक्षुब्ध दिसत होता. दोष उघडकीस आला तो थर पुन्हा न्याहाळून नव्हे, तर वस्तूलाच साक्षीस बोलावल्यामुळें.

(५)

हस्तलिखितें संग्रह करणाऱ्यांस ही सर्व चर्चा नवी वाटूं नये. पोथी हेंहि एक टेकाडच आहे. वाचणारा समासांत टीप लिहितो. पुढचा लेखक नक्कल करतांना ती ओळींत घेतो. तिसऱ्या पोथींत ती मूळ ग्रंथाचा भाग होऊन बसते. अक्षर एक, शाई एक, पान अखंड. तरी तो श्लोक उपरा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ त हातीं घेतलें व तें १९६६ त पुरें झालें. व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहावें ही सर्वांस प्रिय असलेली कथा विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनीं आदिपर्वाच्या मूळ पाठांतून काढून परिशिष्टांत घातली, ती ह्याच न्यायानें. पुष्कळ पोथ्यांत आढळते, एवढें कारण त्यांना पुरेसें वाटलें नाहीं. आपल्याकडे तर एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करून हेंच कार्य केलें होतें.

पोथींतील प्रक्षेप ओळखण्याची ही शिस्त मातीलाहि लावावी, एवढेंच आमचें मागणें आहे. पाठ निश्चित करणारा संपादक जे प्रश्न विचारतो, तेच उत्खननाच्या वृत्तांतास विचारावे. तशी वस्तु एकच आहे कीं पुष्कळ आहेत? एक श्लोक उपरा असूं शकतो, संबंध पर्व उपरें असणें कठीण. तसेंच एक मणी खालीं घसरेल, पण दोनशें खापरें व त्यांच्या जोडीच्या चुली, जमिनी व भिंती एकदम घसरणार नाहींत. वस्तु लहान आहे कीं मोठी? धान्याचा दाणा कोठेंहि जाईल, रांजण जाणार नाहीं. तिच्यावर अखंड फरशी किंवा चोपलेली जमीन होती काय? असल्यास ती जमीन मोहोरेचें काम करते. एकाच भांड्याचे तुकडे निरनिराळ्या थरांत मिळतात काय, हें कोणी जुळवून पाहिलें काय? आणि शेवटीं, काळ ठरविला तो त्या वस्तूचा, कीं तिच्या शेजारच्या कोळशाचा?

उलट बाजूचाहि अतिरेक टाळला पाहिजे. आपल्या मतास अडचणीची वस्तु निघाली कीं 'ती वरून घसरली असेल' असें म्हणून मोकळें होणें, हें संपादकानें नावडता श्लोक प्रक्षिप्त ठरविण्यासारखेंच आहे. प्रक्षेप म्हणणाऱ्यानेंहि प्रमाण दिलें पाहिजे. शिवाय एक पक्षपात सर्वत्र दिसतो. वस्तु वर आल्यानें 'ही चाल फार उशीरापर्यंत टिकली' असा भ्रम होतो, आणि खालीं गेल्यानें 'हें आमच्याकडे फार आधीं होतें' असा होतो. पहिल्या भ्रमानें कोणाची छाती फुगत नाहीं, म्हणून त्याची छाननी लवकर होते. दुसरा अभिमानास गोड लागतो, म्हणून तो तपासला जात नाहीं. तपासणी कोठें कडक हवी, हें ह्यावरूनच ठरवावें.

(६)

हा प्रश्न आज विशेष महत्त्वाचा होण्याचें कारण ब्राह्मी लिपीच्या काळाचा वाद. अशोकाचे लेख ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्याचे. त्यांपूर्वीं ही लिपि होती काय, हें दगडावरील लेखांनीं ठरत नाहीं. म्हणून सर्वांची दृष्टि मातींतील खापरांकडे लागली आहे. श्रीलंकेंतील अनुराधपुर येथें ब्राह्मी अक्षरें असलेलीं खापरें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या थरांत मिळालीं, असें रॉबिन कनिंगहॅम, रेमंड ऑल्चिन आदि संशोधकांनीं १९९६ त मांडलें. तमिळनाडूंतील कीळडी येथील उत्खननाचा अहवाल त्या राज्याच्या पुराणवस्तु खात्यानें २०१९ त प्रसिद्ध केला. त्यांत ३५३ सेंटिमीटर खोलीवरील कोळशाचा काळ ख्रिस्तपूर्व ५८० असा दिला असून, त्याच्या आधारें तमिळ-ब्राह्मीचा काळ ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकापर्यंत मागें नेला आहे.

हे निष्कर्ष खोटे आहेत असें म्हणण्याचा आमचा अधिकार नाहीं व हेतुहि नाहीं. उद्यां ते खरे ठरले तर आनंदच आहे. परंतु दोन्ही ठिकाणीं कोळसा ही एक साक्ष व खापर ही दुसरी. कोळशाचा काळ खापराला द्यावयाचा तर दोघांचा संबंध दाखविला पाहिजे. टेकाडाच्या एका चौकांतील ३५३ सेंटिमीटर म्हणजे दुसऱ्या चौकांतील ३५३ सेंटिमीटर नव्हे. थर सपाट नसतात, ते उताराचे, खोलगट व तुटक असतात. खोली हें अंतराचें माप आहे, काळाचें नव्हे. शिवाय भाजून झाल्यावर कोरलेलें अक्षर खापराहून कितीहि नवें असूं शकतें. तेव्हां खापराचा काळ निश्चित झाला तरी अक्षराचा होतोच असें नाहीं. ज्या दाव्यावर एका लिपीचा इतिहास अवलंबून आहे, त्यानें जवाच्या दाण्याइतकी तरी कसोटी सोसावी. अखंड जमिनीखालीं, एकाहून अधिक ठिकाणीं, एकाच क्रमानें अशीं पुष्कळ खापरें मिळाल्याचें दाखविलें म्हणजे शंकेस जागा उरणार नाहीं.

(७)

संग्राहकांपैकीं फार थोड्यांस स्वतः उत्खनन करण्याची संधि मिळते. बहुतेक वस्तु शेतकरी, गवंडी किंवा विहीर खणणारे ह्यांच्या हातून येतात, आणि त्यांच्याबरोबर 'इतक्या फुटांवर मिळाली' एवढाच वृत्तांत येतो. त्यांतहि पुष्कळ सुधारणा शक्य आहे. जागा काळीची होती कीं पांढरीची. वस्तूभोंवतीं माती वेगळ्या रंगाची, सैल किंवा राखेची होती काय, म्हणजे ती खड्ड्यांत होती काय. वर फरशी, चोपण किंवा भिंत होती काय. तिच्याबरोबर आणखी काय निघालें. आणि जें निघालें तें सर्व जपलें, कीं सुंदर तेवढेंच उचललें—एवढें जरी त्याच दिवशीं टिपून ठेवलें, तरी पुढच्या अभ्यासकास विचार करावयास आधार मिळेल. खापरें फेंकून देऊन फक्त नाणें ठेवणें म्हणजे पोथी फाडून फक्त पुष्पिका ठेवण्यासारखें आहे. मातीनें भरलेली वस्तु घासून लख्ख करण्यापूर्वीं तिच्या आंतली चिमूटभर माती एका पुडींत बांधून ठेवावी. वस्तु खड्ड्यांतील होती कीं थरांतील, हें ती माती सांगूं शकते.

वृत्तांत लिहिणारांनींहि भाषेंत थोडा संयम बाळगावा. 'अमुक शतकांतील नाणें' आणि 'अमुक शतकाच्या थरांत मिळालेलें नाणें' ह्या दोन वाक्यांत मोठें अंतर आहे. पहिलें निर्णय आहे, दुसरें वर्णन आहे. वर्णनाच्या जागीं निर्णय लिहिला कीं पुढच्या अभ्यासकाला मूळ पुरावा उरत नाहीं. जें पाहिलें तें आधीं लिहावें, जें अनुमानिलें तें त्यापुढें निराळें लिहावें, आणि दोहोंमधील उपाधि कशी दूर केली तें स्पष्ट सांगावें. एवढें केलें म्हणजे पुढें अनुमान चुकलें तरी वर्णन उपयोगी पडेल. वादी कुब्बानियाच्या संशोधकांना आपला निर्णय बदलतां आला, तो त्यांचें वर्णन शाबूत होतें म्हणूनच.